सात नंबरच्या गाडीचं चाक

१

रविवारी सकाळी चर्चची पहिली घंटा झाली, त्याच वेळी हाबरकॉर्न नावाच्या शेतकऱ्याने डॉक्टर हॉवलंडच्या व्हरांड्यात एक मोटारीचं चाक आणून आपटलं.

"हे तुमचं, डॉक्टर. माझ्या मक्यात सापडलं. पस्तीस ताटं आडवी केलीत याने. त्या रेसवाल्यांना सांगा, माझं शेत म्हणजे त्यांची अडगळ नव्हे."

"मला कशाला सांगतोस? मी काय त्यांचा वॉचमन आहे?"

"तुम्ही कोरोनर ना? मेलेल्याची गाडी ती तुमचीच." एवढं बोलून हाबरकॉर्न आपल्या घोडागाडीत चढला आणि निघून गेला.

आँडर्स हॉवलंड अकरा वर्षं काउंटीचा कोरोनर होता. कोणी अवचित मेलं की ते कशाने मेलं हे ठरवायचं काम त्याचं. पूर्वी वर्षातून दोनदा तीनदा कोणी विहिरीत पडायचं, कोणाला बैल मारायचा. पण कीलर्सबर्गच्या बाहेर मोटारींच्या शर्यतींसाठी फळ्यांची ती मैलभराची गोल धावपट्टी उभी राहिली आणि डॉक्टरच्या डोक्याला ताप झाला. दोन उन्हाळ्यांत चार ड्रायव्हर गेले होते. एकाच्या कपाळात उडालेल्या फळीची ढलपी शिरली. दुसरा सांडलेल्या तेलावरून घसरला. दर वेळी डॉक्टरने निकालाचा फॉर्म भरायचा, 'अपघात, दोष कोणाचाही नाही' असं लिहायचं आणि सही ठोकायची. आता हात आपोआपच लिही.

कालचा पाचवा. अर्ल डॅन्फर्थ, वय एकतीस. त्रेचाळिसाव्या फेरीत सात नंबरची त्याची गाडी पूर्वेच्या कललेल्या वळणावर वर वर चढत गेली आणि कठड्यावरून पलीकडे पडली. अर्ल जागच्या जागी गेला. शेजारी बसणारा मेकॅनिक गुस पेल्के आधीच बाहेर फेकला गेला, म्हणून हात मोडण्यावर निभावलं. चाक मक्यात कुठे गडप झालं ते अंधार पडेपर्यंत कोणाला सापडलं नव्हतं. पुढचं उजवं टायर फुटलं, असं मात्र बारा जणांनी बारा तऱ्हांनी डॉक्टरला सांगितलं होतं. डॉक्टरनेही तसंच लिहून टाकलं होतं.

आता त्याने चाकाच्या टायरवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला नाही. त्याने बुटाने लाथ मारली. टायर टणक होतं.

आत हवा भरलेली होती. तारांच्या आऱ्यांतला एकही वाकलेला नव्हता.

"हॅट घालतोयस की नाही?" बहीण टिल्डाने दारातून विचारलं. "पाद्री तुझ्यासाठी थांबणार नाही."

"तू हो पुढे," डॉक्टर म्हणाला. "मला आज माझीच सही खोटी ठरवायला जायचंय."

२

धावपट्टीच्या मागच्या शेडमध्ये सात नंबरची गाडी कुशीवर पडली होती. तिच्याजवळ एका खोक्यावर गुस पेल्के बसला होता. हात गळ्यात बांधलेला, चेहरा खरवडलेला.

"तुला मी पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाला.

"हो, सांगितलं होतं."

"मग?"

"पलंगावर पडून काय करू, डॉक्टर?" गुसची नजर डॉक्टरच्या हातातल्या चाकावर गेली. तो उभा राहिला. एका हाताने त्याने टायर चाचपलं. मग म्हणाला, "टायर फुटलंच नाही."

"ते मलाही कळतं. चाक निघालं कसं ते सांग."

गुसने त्याला गाडीचा आस दाखवला. या गाड्यांचं प्रत्येक चाक एकाच मोठ्या नटावर बसतं. नटाला दोन कान असतात. कानावर तांब्याच्या हातोड्याने ठोकलं की नट फिरतो आणि चाक आवळलं जातं. तांबं मऊ, म्हणून कानावर वळ उठत नाहीत. पुढच्या उजव्या आसावर नट नव्हता. पण त्याचे आटे मात्र नव्यासारखे स्वच्छ होते. नट तुटला असता तर आटे ओरबाडले गेले असते.

"म्हणजे नट फिरून फिरून निघाला," डॉक्टर म्हणाला.

"निघायला तो सैल असायला हवा. मी सकाळी दहा वाजता चारही चाकं आवळली, डॉक्टर. प्रत्येकाला सहा ठोके. अर्ल शेजारी उभा राहून मोजत होता. त्याला मोजायची खोड होती."

"नंतर पुन्हा बघितलंस?"

गुस जरा घुटमळला. "दोन वाजता इंजिनात घालायचं एरंडेल आणायला गेलो. वीसेक मिनिटं गेली. परत आलो तर बँड सुरू झाला होता, म्हणजे गाड्या रांगेत लावायची वेळ झाली होती. नट जागेवर आहेत एवढं डोळ्यांनी बघितलं. हातोडा लावला नाही."

"का नाही लावलास?"

"बँड सुरू झाला होता," गुस पुन्हा म्हणाला. हे उत्तर त्याने रात्रभर स्वतःला दिलं असावं.

तेवढ्यात होरेस टिंडल आत आला. धावपट्टीचा मॅनेजर. दोन वर्षांपूर्वी शिकागोहून आला, पण बूट अजून तिथल्यासारखेच चकचकीत. त्याने चाकाकडे बघितलं, रिकाम्या आसाकडे बघितलं आणि रुमालाने मान पुसली.

"हे स्पष्टच आहे, डॉक्टर. नट सैल राहिला. चाकं आवळणं मेकॅनिकचं काम. मी शेरीफला निरोप पाठवलाय."

"निरोप? कसला?"

"पेल्केला गाव सोडू देऊ नका म्हणून. निष्काळजीपणाने माणूस मेलाय. कोणावर तरी खटला व्हायला नको का?"

डॉक्टर त्याच्याकडे बघतच राहिला. चार माणसं मेली तेव्हा याच टिंडलने चारही वेळा दोष कोणाचाही नाही म्हणून साक्ष दिली होती. आज पहिल्यांदाच त्याला दोषी माणूस हवा होता, आणि तोही दुपारच्या जेवणाआधी.

३

अर्लची बायको नेटी स्टेशनसमोरच्या हॉटेलात होती. खोलीत अर्लचा कोट खुर्चीच्या पाठीवर टांगलेला होता. ती रडत नव्हती. चिडलेली होती, आणि डॉक्टरला ते रडण्यापेक्षा सोपं वाटलं.

"टायर फुटलं असं तुम्हीच काल सांगितलंत ना?"

"चुकलं माझं. कोणाशी वैर होतं त्याचं?"

"वैर कशाला लागतं? त्याने पत्र लिहिलं होतं. कुजलेल्या फळ्या बदला, शर्यतीआधी गाड्या नीट तपासा, नाहीतर पुढच्या महिन्यात आम्ही गाड्या काढणार नाही. पाच ड्रायव्हरांच्या सह्या होत्या. काल दुपारी त्याने ते स्वतः टिंडलच्या हातात दिलं."

"पाच कोण?"

"अर्ल, तीन ओहायोचे, आणि लू बँक्रॉफ्ट." तिने नाक मुरडलं. "त्या लूला विचारा, शर्यतीआधी हातोडा घेऊन आमच्या गाडीजवळ काय करत होता ते. मी बघितलंय."

लू बँक्रॉफ्ट हॉटेलच्या खालीच, न्हाव्याच्या बंद दुकानापुढच्या बाकावर बसलेला सापडला. काल शर्यतीत अर्लच्या मागोमाग दुसरा तोच होता. गालात फळीच्या दोन ढलप्या रुतल्याच्या ताज्या जखमा होत्या.

"पत्र? कसलं पत्र, डॉक?"

"तू सही केलेलं."

"मी कशावरच सही करत नाही. हॉटेलच्या वहीतसुद्धा नाही."

"आणि हातोडा?"

"माझा हातोडा माझ्या गाडीसाठी. माझी गाडी अर्लच्या गाडीला लागून उभी होती, मग मी काय गाडी खिशात घालून दुसरीकडे उभा राहणार होतो?"

डॉक्टर तिथून परत टिंडलच्या ऑफिसात गेला. टिंडल म्हणाला, असं कुठलंही पत्र आपल्याला मिळालेलं नाही. ओहायोच्या तिघांनी कालच रात्रीची आगगाडी पकडली होती.

डॉक्टर बाहेर येऊन पायरीवर बसला. पाच जणांच्या सहीचं पत्र. एक सही करणारा मेला, तिघे पळाले, पाचवा म्हणतो मी नव्हेच, आणि ज्याला दिलं तो म्हणतो पत्रच नव्हतं. त्याला वाटलं, या गावात मेलेली माणसंच तेवढी सरळ उत्तरं देतात. त्याच्यासमोर धावपट्टी उन्हात पसरली होती. फळ्यांमध्ये जागोजाग फटी, काही ठिकाणी तर मुठीएवढी भोकं. आणि त्या भोकांखालून, भर रविवारी, ठकठक ऐकू येत होती.

४

फळ्यांच्या खाली, लाकडी टेकूंच्या जंगलात, सुतार नील्स स्वेन्सन काम करत होता. शर्यत चालू असतानाही तो तिथेच बसे. वरून गाड्या ताशी शंभर मैलांच्या वेगाने जात आणि तो खालून फळ्या ठोकत राही. त्यामुळे दोन्ही कानांनी त्याला कमी ऐकू यायचं.

"चर्चला नाही गेलास?" डॉक्टरने ओरडून विचारलं.

"तुम्ही तरी कुठे गेलात?"

"नील्स, काल इथे वरून काही पडलं का?"

"पडतंच रोज. बोल्ट, दात, एकदा तर बूट पडला होता." स्वेन्सनने खिशात हात घातला आणि दोन कानांचा एक नट काढून पुढे धरला. "हा काल पडला. पूर्वेच्या वळणाजवळच्या भोकातून. चांगला आहे म्हणून ठेवला."

डॉक्टरने डोळे मिटले आणि मनातल्या मनात पाच आकडे मोजले. "माणूस मेला त्या गाडीचा नट तुझ्या खिशात आहे, आणि तू कोणाला काही बोलला नाहीस?"

"कोणी विचारलं नाही."

डॉक्टरने नट उजेडात धरला. दोन्ही कानांच्या एकाच अंगाला ताजे, खोल वळ उठले होते, आणि प्रत्येक वळात बारीक चौकटींची नक्षी होती. तांब्याचा हातोडा असा वळ उठवत नाही. डॉक्टरची नजर स्वेन्सनच्या हातातल्या हातोडीवर गेली. पोलादी, आणि खिळ्यावरून घसरू नये म्हणून तोंडावर चौकटी कोरलेल्या.

"तुझी हातोडी आहे ही."

"माझीच. आणि काल दुपारी ती कोणीतरी उचलली होती," स्वेन्सन वैतागून म्हणाला. "जेवून येतो तर पेटीत नाही. बँड वाजायला लागल्यावर बघतो तर परत पेटीत. तीही उलटी ठेवलेली. काम करणारा माणूस हातोडी अशी ठेवत नाही. शर्यतीच्या दिवशी माझ्या पेटीला हात लावायचा म्हणजे काय?"

"कोणी नेली, बघितलंस?"

"बघितलं असतं तर हातोडी परत पेटीत आली नसती. त्याच्या टाळक्यात बसली असती."

डॉक्टर नट घेऊन शेडमध्ये आला. गाडीवर अजून तीन चाकं होती. त्याने एकेक नट वाकून बघितला. तिन्ही नटांवर तेच चौकटीचे वळ होते, आणि तेही कानांच्या त्याच अंगाला. कोणीतरी चारही चाकांवर ती पोलादी हातोडी चालवली होती.

"गुस, हे तिन्ही नट सोडव."

गुसने धड असलेल्या हाताने तांब्याचा हातोडा घेतला. डाव्या बाजूची दोन चाकं सोडवताना त्याला घाम फुटला. एकेकाला दहा-बारा ठोके लागले.

"इतकं मी कधी आवळत नाही," तो धापा टाकत म्हणाला.

मग तो मागच्या उजव्या चाकाकडे गेला आणि हातोडा उचलायच्या आधी सहज नटाला हात लावला. नट त्याच्या दोन बोटांनी फिरला.

गुसने हात मागे घेतला. मग डॉक्टर म्हणाला, "म्हणजे हे चाकही निघणारच होतं."

"आणखी चार फेऱ्या टिकलं असतं. फार तर पाच." गुसने हातोडा खाली ठेवला. "डॉक्टर, कोणीतरी अर्लला मारायचंच ठरवलं होतं."

५

डॉक्टर खोक्यावर बसला. त्याने चारही नट पुढ्यात ओळीने मांडले. त्याला खून पाहिजे होता, असं म्हटलं तरी चालेल. दोन वर्षं 'दोष कोणाचाही नाही' लिहून त्याला इतका वीट आला होता. पण समोरचे नट ऐकत नव्हते.

"मला एक सांग," तो गुसला म्हणाला. "उजवीकडचा आणि डावीकडचा नट एकाच दिशेने आवळतात?"

"छे. डावीकडचे आटे नेहमीसारखे. घड्याळाच्या काट्यासारखं फिरवलं की आवळतात. उजवीकडचे उलटे. तिथे काट्यासारखं फिरवलं तर सुटतात. चालत्या गाडीत नट आपोआप सुटू नये म्हणून तसं करतात."

"आणि या हातोडीवाल्याने चारही नट काट्याच्या दिशेने ठोकलेत."

"हो. म्हणूनच उजवीकडचे सुटले."

"आणि डावीकडचे?"

गुस उत्तर द्यायला गेला आणि थांबला.

"डावीकडचे जास्त आवळले गेले," डॉक्टर म्हणाला. "तुला घाम फुटेपर्यंत. ज्याला चाक सोडवायचंय तो डावीकडची चाकं कशाला आवळील? आणि नाहीच जमत उलटसुलट, तर एकच चाक सैल करून पळून जाईल. हा माणूस शांतपणे चारही चाकांपाशी गेला, आणि चारही ठिकाणी, आपण सगळे बरणीचं झाकण लावताना फिरवतो तसं त्याने फिरवलं. गुस, तो सोडवत नव्हता. तो आवळत होता."

गुस खाली बसला. "कोण? आमच्यातला कोणीही असं करणार नाही. रेसमध्ये पहिल्या दिवशी हेच शिकवतात."

"म्हणजे लू नाही, तू नाही. नेटीसुद्धा नाही, तुमच्यात पाच वर्षं काढलीत तिने. स्वेन्सन शेतावर वाढला. घोडागाडीच्या आसालाही एका बाजूचे आटे उलटे असतात, हे या काउंटीत शेंबड्या पोरालाही माहीत असतं. माझ्या बग्गीचं चाक मी स्वतः बसवतो. आमच्यापैकी कोणाची चूक झाली असती तरी आम्ही दोन बाजूंना दोन दिशांनी ठोकलं असतं. चारही एकाच दिशेने ठोकणारा माणूस म्हणजे ज्याने जन्मात कुठलंच चाक बसवलं नाही असा."

शेडच्या दारात सावली पडली. लू बँक्रॉफ्ट उभा होता, हॅट हातात घेऊन. किती वेळ ऐकत होता कोण जाणे.

"डॉक," तो म्हणाला, "त्या पत्रावर माझी सही आहे."

"नशीब माझं. आणि सकाळी का नव्हती?"

"सही करणाऱ्यांना पुढे कुठल्याच धावपट्टीवर घेत नाहीत. अर्लला त्याची पर्वा नव्हती. मला होती." त्याने गालावरची जखम चोळली. "पण मी त्यासाठी नाही आलो. काल एक गोष्ट झाली, ती मला तेव्हा विचित्र वाटली नाही. आता वाटते. गाडी कठड्यावरून गेली, शर्यत थांबली, आम्ही सगळे धावत गेलो. तुम्ही अर्लजवळ गुडघे टेकून बसला होतात. तेव्हा एकाने माझी बाही धरली आणि विचारलं, 'उजवीकडचं चाक कुठल्या दिशेने आवळतात?'"

"केव्हा म्हणालास? काल?"

"काल. अर्लच्या अंगावर तुम्ही अजून चादरही टाकली नव्हती."

डॉक्टर हळूहळू उठला. काल त्या वेळी चाक मक्यात होतं आणि नट स्वेन्सनच्या खिशात. टायर फुटलं असं सगळं गाव म्हणत होतं, तो स्वतःही म्हणत होता. नटाचा विचार तेव्हा एकाच माणसाच्या डोक्यात येऊ शकत होता.

"कोणी विचारलं?" त्याने विचारलं, पण टोपी उचलताना त्याला उत्तर माहीत होतं.

६

होरेस टिंडल ऑफिसात एकटाच होता. डॉक्टरने नट टेबलावर ठेवला. कसलीही प्रस्तावना केली नाही.

"सुताराची हातोडी तुम्ही का घेतलीत?"

"मी? मला हातोडीचं काय कळतं?"

"तेच म्हणतोय मी. टिंडल, आज सकाळपासून मला सगळ्यांनी टोलवलंय. माझं डोकं दुखतंय, मी जेवलेलो नाही. अर्लच्या अंगावर चादर टाकायच्या आधी तुम्ही लूला काय विचारलंत ते त्याने मला सांगितलंय. तुम्ही स्वतःहून बोलणार की मी शेरीफला बोलावू? तोही तुम्हीच बोलावलाय, म्हणजे वाटेतच असेल."

टिंडलने रुमाल काढला, पण मान पुसली नाही. तो रुमाल हातातच राहिला. मग त्याने खण उघडला आणि पाच सह्यांचं पत्र टेबलावर ठेवलं.

"काल दुपारी त्याने हे दिलं," टिंडल म्हणाला. "सगळ्यांसमोर. मला म्हणाला, होरेस, दोन वर्षांत तू एका तरी गाडीला हात लावलायस का? सगळे हसले. मी काही उत्तर दिलं नाही. इथे येऊन बसलो. समोर भिंतीवर तुमचा कागद होता."

"माझा? कुठला कागद?"

टिंडलने भिंतीकडे बोट केलं. तिथे काउंटीच्या शिक्क्याचा एक कागद खिळ्याला लावलेला होता. डॉक्टर जवळ गेला. जुलैमध्ये चौथा ड्रायव्हर गेला तेव्हा वैतागून त्याने निकालाखाली चार ओळी जास्तीच्या लिहिल्या होत्या. अक्षर त्याचंच होतं. 'धावपट्टीच्या जबाबदार अधिकाऱ्याने प्रत्येक शर्यतीपूर्वी प्रत्येक गाडीची चाकं घट्ट आहेत याची स्वतः खात्री करून घ्यावी.'

"मला वाटलं, करू या एकदा," टिंडल म्हणाला. "हातोडी घेतली. पहिली गाडी सात नंबरची होती. पेल्के तिथे नव्हता. मी चारही चाकांना चांगले चार-चार ठोके मारले. काही फिरली, काही नाही फिरली. जी फिरली ती सैल होती असं मी समजलो. मला बरं वाटलं, डॉक्टर. वाटलं, संध्याकाळी अर्लला सांगीन. पुढच्या गाडीकडे निघालो तर बँड सुरू झाला."

"बँड सुरू झाला म्हणून बाकीचे वाचले," डॉक्टर म्हणाला.

टिंडलने मान हलवली.

"हे कालच का नाही सांगितलंत?"

"लूने सांगितलं, उजवीकडची उलटी फिरतात, तेव्हा मला कळलं. मग तुम्ही टायर म्हणालात. मी म्हटलं, टायर तर टायर."

"आणि आज चाक सापडल्यावर गुसच्या गळ्यात बांधून मोकळे झालात."

टिंडल खिडकीबाहेर बघत होता. "नेहमीसारखं काहीच केलं नसतं तर तो जिवंत असता," तो म्हणाला. "हे तुम्ही निकालात लिहिणार का?"

डॉक्टरला त्याची कॉलर धरून हलवावंसं वाटत होतं. पण जो हात कॉलर धरायला पुढे झाला असता, त्याच हाताने भिंतीवरचा तो कागद लिहिला होता. 'स्वतः' हा शब्द त्याने तेव्हा रागाने अधोरेखितही केला होता. तपासणाऱ्याला चाकातलं काही कळायला हवं, हे लिहायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"सगळंच लिहिणार आहे," तो म्हणाला.

सोमवारी सकाळी कोर्टाच्या वरच्या मजल्यावर चौकशी झाली. ज्यूरीत तीन जण होते: धान्याचा व्यापारी, चांभार आणि शाळेचा मास्तर. डॉक्टरने निकाल वाचून दाखवला. अर्ल डॅन्फर्थच्या गाडीची उजवी चाकं होरेस टिंडलने घट्ट करण्याच्या हेतूने, अज्ञानाने सैल केली. ते कळल्यावर त्याने ते लपवलं आणि दुसऱ्यावर ढकललं. आणि त्याला या कामाला लावणारी सूचना खुद्द कोरोनरने, पुरेसा विचार न करता, जुलैमध्ये लिहिली होती.

"डॉक्टर, हे शेवटचं वाक्य काढा," धान्याचा व्यापारी कुजबुजला. "स्वतःचं नाव कोणी घालतं का निकालात?"

"सही करायची असेल तर करा. नाहीतर मी दुसरी ज्यूरी बोलावतो."

तिघांनी सह्या केल्या. टिंडल मागच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. कायदा त्याचं काय करणार हे कोणालाच सांगता येत नव्हतं. शेरीफने गुसचं नाव आपल्या वहीतून खोडलं. लू बँक्रॉफ्ट उभा राहिला आणि फळ्या बदलेपर्यंत आपण या धावपट्टीवर गाडी काढणार नाही असं सगळ्यांसमोर म्हणाला. नेटीने त्याच्याकडे बघितलं नाही. ती उठून डॉक्टरजवळ आली.

"म्हणजे त्याला अर्लचं वाईट करायचं नव्हतं."

"नाही."

"कालपासून मी ज्याने हे केलं त्याला शिव्या देत होते," ती म्हणाली. "आता काय करू?"

तिने उत्तराची वाट बघितली नाही. ती अर्लचा कोट हातावर टाकून जिन्याकडे गेली.

खोली रिकामी झाली तरी गुस पेल्के बसूनच होता.

"आता काय?" डॉक्टरने विचारलं. "सुटलास ना? जा, झोप काढ."

"त्यात माझ्याबद्दल एक ओळ होती. ती पुन्हा वाचा."

डॉक्टरने कागद उचलला. "'मेकॅनिक गुस पेल्के याने सकाळी दहा वाजता चारही चाकं योग्य रीतीने आवळली होती.'"

"सहा ठोके. तेही लिहा."

"गुस, सह्या झाल्यात त्यावर."

"मग मला त्या ओळीची नक्कल करून द्या. पुढचा ड्रायव्हर विचारील, अर्लच्या शेजारी कोण बसलं होतं म्हणून. तोंडाने सांगितलेलं कोणी ऐकून घेत नाही."

डॉक्टर खूप दमला होता. त्याला कॉफी हवी होती, घरी जायचं होतं, आणि पुन्हा कधीही काही लिहायचं नव्हतं. तो परत टेबलाशी बसला. दौत पुढे ओढली, कोरा कागद घेतला आणि ठळक, सुट्या अक्षरांत ओळ लिहायला लागला.

"हळू लिहा," गुस त्याच्या खांद्यावरून वाकून म्हणाला. "अक्षर नीट लागायला हवं."